मालनला सांगायचं राहिलेलं

लिहून ठेवणार: रतनबाई भ्रतार गहिनीनाथ गरड, वय अंदाजे पासष्ट, धंदा सुईणपण, राहणार मौजे बोरखिंड, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर.

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगत आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून शेवगावचे दस्तलेखक रंगनाथराव लिहून घेत आहेत. माझी नजर कमी झाली आहे, कान मात्र अजून शाबूत आहेत. "कानांचं इथं काय काम, बाई?" असं रंगनाथराव म्हणतात. काम आहे, लिहा.

कलम १. माझे पती मरून बावीस वर्षे झाली. मला मूलबाळ नाही. बोरखिंडीतले एक मातीचे घर, दोन खण, पुढे ओटा, ग्रामपंचायतीत माझ्या नावे आहे. त्यावर कोणाचा हक्क नाही.

कलम २. दिराचा मुलगा आबासाहेब मीच वारस म्हणून गावभर सांगत फिरतो. दुष्काळात माझी गाभण शेळी "चारा छावणीला नेतो, काकी" म्हणून घेऊन गेला आणि पाथर्डीच्या बाजारात विकून आला. वर मलाच म्हणाला, "लई खात हुती." त्याला माझे काही मिळू नये. तेराव्याला जेवायला आला तर वाढावे, आग्रह करू नये.

कलम ३. पायातले चांदीचे तोडे व पितळी घंगाळ गोजरबाईला द्यावे. ती माझ्या हाताखाली शिकली. माझी पत्र्याची पेटी, तीत कात्री, दोऱ्याचे रीळ, धुतलेली फडकी आहेत, तीही तिलाच. मात्र अट आहे. आमच्याकडे सुईणीला नुसती हाक मारून नेत नाहीत. घरच्या थोरल्या बाईने दारी यायचे, सुपारीला हळदकुंकू लावून ती हातावर ठेवायची, मग सुईणीने पाऊल उचलायचे. न बोलावता गेली तर तिला हपापलेली म्हणतात. गोजरबाईने ही सुपारी कधी घेऊ नये. कण्हणे कानावर आले की उठून चालू लागावे. ही अट पाळणार नसेल तर पेटी विहिरीत टाकावी.

कलम ४. ही अट का घातली ते सांगते. रंगनाथराव म्हणतात, मृत्युपत्रात एवढं पाल्हाळ नको. तुम्ही लिहा हो.

माझ्या घराला लागून मालनबाईचे घर आहे. मधे एकच भिंत. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो, एका ताटात जेवलो. अठरा वर्षांपूर्वी तिच्या लेकीचे मूल माझ्या हातावर मेलेले निघाले. नाळेचा गळ्याला वेढा होता, माझा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी मालन भर पाणवठ्यावर म्हणाली, "हिच्या हाताला यश न्हाई." ते मला फार लागले. मीही सगळ्यांसमोर बोलून बसले, "आता सुपारी घेऊन तूच येशील, तवाच तुझा उंबरा चढंन." अठरा वर्षे चढले नाही. तिच्या बन्सीच्या लग्नाचे जेवणही जेवले नाही. काय मिळवले त्यात, देव जाणे.

बन्सीची बायको विजयमाला. एकोणीस वर्षांची, हसरी पोर. सासूची नजर चुकवून माझ्या ओट्यावर यायची, "आत्याबाई, तुमची येणी घालू का?" म्हणायची. आमचे भांडण तिला ठाऊकच नसल्यासारखे वागायची.

गेल्या फाल्गुनात गाव ओस पडले होते. धडधाकट माणसे पाझर तलावाच्या कामावर, बन्सी लांब खडी फोडायला. सकाळी उन्हे ओट्यावर आली तेव्हा भिंतीपलीकडून विजयमालाचे कण्हणे आले. पहिलटकरीण आहे, हे मी ओळखून होते. मी पेटी काढली, धुतलेले लुगडे नेसले आणि दारात बसले. मालन येईल म्हणून बसले.

मालन आली नाही. तिचा आवाजही येईना. मला वाटले, आत मुकाट बसून माझी जिरवते आहे. मीही हट्टाला पेटले. मग पोरच हाका मारू लागली. "आत्याबाई! ओ आत्याबाई, या की वो!" मला सगळे ऐकू येत होते. सुनेने बोलावणे म्हणजे बोलावणे नव्हे, असे मी मनाला सांगत राहिले. दहा पावलांवर दार होते. मी पेटी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिले.

मालन घरात नव्हतीच. सुपारीशिवाय मी यायची नाही हे तिला पक्के ठाऊक. घरात सुपारी नाही, गावातला दुकानदार कामावर गेलेला, दुकानाला कुलूप. सून एकटी टाकून बाई सुपारीसाठी शेजारच्या गावाला पळत गेली होती, तीन मैल. उन्हात काळीनिळी होऊन आली आणि माझ्या हातावर सुपारी ठेवताना म्हणाली, "रतन, चुकले मी, चल." मी गेले. मुलगी हाती लागली. विजयमालाचे रक्त मला थांबवता आले नाही, ती गेली. सकाळीच गेले असते तर थांबवले असते. ते मला येते.

गाव म्हणते, रतनबाईने पोर वाचवली. पोरीच्या बाराव्या दिवशी मला लुगडे दिले आणि मी ते घेतले. मालन माझ्या पायावर डोके ठेवून रडली, "माझ्याच पायानं उशीर केला गं." तेव्हा सांगायचे होते. मी म्हणाले, "असू दे, नशीब." माझ्या तोंडाला आग का लागली नाही तेव्हा! बन्सी आईला दोष देऊन घर सोडून साखर कारखान्यावर राहायला गेला. आईशी बोलत नाही. माझा दोष ती बाई दहा महिने डोक्यावर वाहते आहे, आणि सकाळी वाटीभर ताक मलाच आणून देते.

कलम ५. माझे राहते घर विजयमालाची मुलगी मुक्ता, वय महिने दहा, हिला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत पालनकर्ती म्हणून मालनबाईने सांभाळावे. मुक्ता मोठी झाल्यावर आधी तिला हे सगळे वाचून दाखवावे, मग घर द्यावे. नको म्हणाली तर कोणी बळजबरी करू नये.

कलम ६. <s>माझ्या मृत्यूनंतर</s> कलम ४ मालनबाईला व तिचा मुलगा बन्सी यास वाचून दाखवावे.

पुरवणी. वरील मजकूर १८ तारखेला लिहून झाला. अंगठा करायच्या वेळी रंगनाथराव लेखणी खाली ठेवून म्हणाले, "मावशी, तुम्ही मेल्यावर कळून तिचा काय फायदा? तोवर त्या माउलीनं असंच झुरायचं का?" मला राग आला. अंगठा न करता उठून एसटीने घरी गेले.

काल मालनला सांगितले. मुक्ता माझ्या मांडीवर होती. मालन जात्यापाशी बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले, मग विचारले, "तुला आईकू येत हुतं?"

"व्हय," म्हणाले.

"तुलाच हाक मारत हुती?"

"मारत हुती. लई येळा."

मालन उठली. मुक्ताला माझ्या मांडीवरून उचलले, आत गेली आणि कडी लावली. आज सकाळी ताक आले नाही. पण शेवगावला निघाले तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी होती. माझ्याकडे पाहिले नाही. कंडक्टरला म्हणाली, "कारखान्यावर उतरवा. पोराला भेटायचंय."

म्हणून कलम ६ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. घराचे कलम जसेच्या तसे राहावे. मालनने मला क्षमा केली, असे कोणी समजू नये व मागाहून कोणी लिहू नये.

वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे.

रतनबाई भ्रतार गहिनीनाथ गरड, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. सहादेव बाबूराव ढाकणे, राहणार बोरखिंड (सही)
२. नियाज फक्रुद्दीन शेख, राहणार शेवगाव (सही)

दस्तलेखक: रंगनाथ विठोबा काथवटे (सही)

मुक्काम शेवगाव, तारीख २१ जानेवारी १९७४