भैरीची घटका

तळवाडी,
पौष वद्य ४, शके १८५४

तीर्थस्वरूप दादांस,
धाकट्या शकूचा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आम्ही सगळी भैरीदेवाच्या कृपेने ठीक आहोत. सोबत तिळगूळ पाठवला आहे. तीळ यंदा महाग म्हणून शेंगदाणे थोडे जास्त घातले आहेत, वहिनींच्या लक्षात येईलच. सुपारी सोलून झाली. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे, आणि ते काढा पीत नाहीत तेही तसेच.

एक मागणे आहे. तुमचे खिशातले घड्याळ पंधरा दिवसांकरिता मिळेल का? रेवदंड्याला उतरणाऱ्या कोणाही ओळखीच्या माणसाबरोबर द्या. मी फडक्यात गुंडाळून परत करीन, किल्लीही तुम्ही सांगाल तेवढीच देईन. येथे घड्याळ फक्त खोतांकडे, आणि त्यांच्याकडे मागायला गेले तर कशाला हवे ते सांगावे लागते. तुम्ही विचारू नये.

गावची बातमी म्हणाल तर चांगली नाही. तळ्यातून निघालेला पाट आमच्या सुपारीच्या वाड्यांपाशी येऊन फुटतो, एक फाटा वाड्यांकडे आणि दुसरा खालच्या आगरी आळीच्या कांद्याकडे, हे तुम्ही पाहिलेच आहे. आमच्या आळीचे म्हणणे, हा पाट तळ्यावरच्या देवीने काकणाने ओढला. खालचे म्हणतात, देवीच्या हातात कुदळ आमच्या आज्यांनी दिली. एरवी हा वाद हसण्यावारी जातो. यंदा कोणी हसत नाही. दर पाचव्या दिवशी सूर्योदयापासून आठ घटका पाणी खालच्यांचे, मग दिवस मावळेपर्यंत वाड्यांचे, असा पिढ्यांचा नेम. खालचे म्हणतात, पाणी लवकर तुटते. शेवटच्या वाफ्यांना ओलही लागत नाही, पांढरा कांदा पोसतच नाही. फाट्यावरची पाणी अडवायची फळी उचलणारा आणि टाकणारा भागोजी, तोही त्यांच्यातलाच. परवा खालच्या आळीतल्या ठमाबाईने त्याला भर पाटावर विचारले, वाडीवाल्यांनी किती सुपाऱ्या दिल्या रे तुला? तो म्हणाला, देवळातली घंटा वाजली की मी फळी टाकतो, मला दुसरे काही कळत नाही.

सगळे त्या एका माणसाला धरून बसले आहेत. मला ह्या गावाचा कंटाळा आला आहे, दादा. मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, शकूचे शिक्षण सासरी उपयोगी पडेल. पडते ना. देवळात पाण्याच्या पाळीची वही मी लिहिते, घटकेच्या वाटीवर नजर मी ठेवते, ती आठव्यांदा बुडाली की गुरवाला घंटा वाजवायला सांगते. त्यापलीकडे तोंड उघडले की हे म्हणतात, भाजी करपेल.

बाकी क्षेम. त्रिपुरीला देवळातली सगळी भांडी यंदा मी एकटीने घासली, सोन्यासारखी निघाली. सगळ्यांनी नावाजले.

घड्याळाचे विसरू नये.
तुमची,
शकू


तळवाडी,
माघ शुद्ध १४, शके १८५४

तीर्थस्वरूप दादांस, नमस्कार.

घड्याळ पोचले. परत पाठवायला उशीर होतो आहे, त्याचे कारण ह्या पत्रात आहे. क्षेमकुशल मागे लिहिले तेच समजावे.

घड्याळ आले त्याच दुपारी, देवळात कोणी नसताना, घंगाळात पाणी भरून मी घटकेची वाटी सोडली. तांब्याची ती वाटी, बुडाला बारीक भोक. भरून बुडाली की एक घटका. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे, हे पंचांग उघडणाऱ्या पोरालाही ठाऊक, आणि मामंजी असताना त्यांनी शाळा-तपासनिसाच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली होती, मिनिटाचा फरक निघाला नव्हता. आता ती एकोणीस मिनिटांत बुडाली. मी पुन्हा पुन्हा सोडली. पाचही वेळा एकोणीस.

म्हणजे आठ घटकांना चाळीस मिनिटे तुटतात. त्यात फाट्यापासून खालच्या शेतांपर्यंत पाणी पोचायलाच तास जातो. फळी पडल्यावर मागे उरलेले पाणी पाटाची मातीच पिते. आणि ती चाळीस मिनिटे जातात आमच्या वाड्यांत. यंदा विहिरीला पाणी टिकले म्हणून ह्यांनी भैरीला नारळ वाढवला, मी त्याचे खोबरे वाटणात घातले.

ह्यांना सांगितले. म्हटले, वाटी लवकर बुडते आहे, भागोजीचा काही दोष नाही. हे जेवत होते. म्हणाले, "घटका देवाची आहे. ती चुकीची म्हटलीस तर मार्गशीर्षात तिच्यावर लागलेली चार लग्ने काय उकरायची?" मी म्हटले, लग्नाला पाच मिनिटांनी काही होत नाही, कांद्याला होते. त्यावर ह्यांनी ताक मागितले. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा म्हणाले, पंच कौल लावणार आहेत, देव काय ते सांगेल. तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा उठूनच गेले.

गेल्या सोमवारी कौल लागला. गुरवाने भैरीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, भागोजीच्या हातून पाणी तुटले असेल तर डावी दे, नसेल तर उजवी दे. दोन्ही आळ्या उभ्या होत्या. मी बायकांत, खांबाला धरून. मनात म्हणत होते, देवा, तुला तरी सगळे ठाऊक आहे. डावी कळी पडली.

तीन पिढ्यांची फळी त्याच्या घरातून गेली. फाट्यावरची झोपडी शिमग्याच्या आत सोडायची आहे. खालच्या आळीने त्याच्या घरी जाणे-येणे बंद केले. त्याची बायको सोनाबाई आमच्या परसात भात कांडायला यायची, ती येत नाही.

दादा, मी तुम्हाला सगळे सांगितलेले नाही.

वाटी लवकर का बुडते हे मला घड्याळ येण्याच्या आधीपासून ठाऊक होते. सासूबाई सांगून गेल्या होत्या, देवाची सारी भांडी चिंचेने घासावीत, पण घटकेच्या वाटीला नुसते पाणी दाखवावे. का, ते त्यांना सांगता येत नसे. मला वाटले, आळस असेल, त्याला सोवळ्याचे नाव दिलेले. त्रिपुरीच्या आदल्या दिवशी मी ती चिंच आणि राखेने घासली. भोकात हिरवा गंज बसला होता. देवाच्या वस्तूला घाण राहू नये म्हणून तो दाभणाने कोरून काढला. दाभण जरा आत गेले. बोटाला कळले. तेव्हाच कळले, दादा. पण वाटी अशी लखलखत होती, आणि बायका वा वा करीत होत्या.

भागोजीचे नाव निघाले तेव्हा मी म्हटले, आधी खात्री करू. घड्याळ मागवण्यात, ते येण्यात तीन पाळ्या गेल्या. खात्री झाल्यावर ह्यांच्यापाशी नुसते "वाटी लवकर बुडते" एवढेच म्हटले. कोणी बिघडवली ते नाही म्हटले. हे ऐकत नाहीत म्हणून मी पंधरा दिवस चरफडते आहे, आणि ऐकण्यासारखे जे होते ते माझ्याच पदराखाली होते.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी भागोजीकडे गेले. तो झोपडीच्या कुडाच्या काठ्या सोडवत होता. मी सगळे सांगितले, दाभणासकट. सोनाबाई आतून ऐकत होती, ती बाहेर आली नाही. भागोजीने काठ्या खाली ठेवल्या. वाटले, रागावेल, चार शब्द बोलेल, मला बरे वाटेल. तो म्हणाला, "वैनीबाय, कवल झाला. भैरी खोटा न्हाय बोलत. माजाच हात कवातरी चुकला आसंल, मलाच कलला न्हाय."

आणि मलाच पाणी हवे का म्हणून विचारले.

दोन दिवस अन्न गोड लागले नाही. भैरी खोटा असे मीही म्हणू शकत नाही, रोज त्याच्यापुढे दिवा लावते. मग जप करताना लक्षात आले, की देव खोटा नाहीच बोलला. गुरवाने विचारले, भागोजीच्या हातून पाणी तुटले का? तुटलेच. फळी त्याच्याच हाताने पडली. पण तो हात घंटेने हलत होता, घंटा वाटीने, आणि वाटी माझ्या दाभणाने. देवाने विचारले तेवढेच सांगितले. पुढचे विचारायचे कोणाला सुचले नाही, आणि ज्या एका बाईला ते ठाऊक होते ती खांबाला धरून देवावर भार टाकून उभी राहिली.

आज दुपारी मी पाळीची वही काढली. त्रिपुरीपासूनच्या प्रत्येक पाळीपुढे खरी मिनिटे लिहिली, खालच्यांची किती तुटली तेही. शेवटी लिहिले, की घटकेची वाटी घासताना भोक माझ्या हातून मोठे झाले, भागोजीने घंटेबरहुकूम फळी टाकली, त्याच्याकडे दोष नाही. खाली सही केली, पूर्ण नाव, ह्यांच्या नावासकट. शाई वाळल्यावर वही देवळातल्या फडताळात ठेवली.

दर पौर्णिमेला महिन्याच्या पाळ्या दोन्ही आळ्यांपुढे मोठ्याने वाचतात. उद्या पौर्णिमा. वाचणारे हेच. त्यांना अजून ठाऊक नाही. पहिल्या ओळीलाच कळेल आणि पुढचे पान ते उलटून टाकतील, असे मला जवळजवळ नक्की वाटते. नवी वाटी घडवायला तांबट बसला की झाले, वैनींचे नाव कशाला, असे पंचही म्हणतील. खोत तर म्हणतीलच, बाईमाणसाची चूक ती केवढी.

म्हणून लिहिलेले सगळे मी पाठ केले आहे. पान उलटले तर बायकांच्या बाजूने उठेन आणि पहिल्या मिनिटापासून म्हणेन. मधे कोणी थांबवले तर पुन्हा पहिल्यापासून. परवापासून ह्या घरात माझे काय होईल ते लिहायला जमले तर लिहीन, न जमले तर तुम्ही येऊन पाहावे, आणि येताना भागोजीच्या झोपडीवरून यावे, ती उभी आहे का ते आधी पाहावे.

घड्याळ उद्यापुरते ठेवून घेते आहे.

ज्या हाताने हे लिहिले त्याच हाताने ते झाले, म्हणून आशीर्वाद मागत नाही,
शकू