हॉइटने लावून ठेवलेली गांडुळं

१२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मी गेल्यावर कोणाला माझं तंत्र हवं असलं तर सोय असावी, एवढंच.

८ ऑक्टोबरला तलावावर मासे धरायची जोडीची स्पर्धा. एका बोटीत दोघं (एकटाही चालतो), पाच बास मासे, ज्यांचं वजन जास्त ते जिंकले. एकोणीस वर्षं मी आणि हॉइट. यंदा हॉइट रुसलाय. कारण काही नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी म्हणाला, "डेलमर, आज पुढं मी बसू का?" मी हसलो. म्हटलं, पुढं बसायला डोकं लागतं. विनोद होता. दिवसभर माझे मासे उचलायची जाळी मांडीवर घेऊन बसला, संध्याकाळी आपला रॉड उचलून घरी गेला, तो गेलाच.

ठराव : मी फोन करणार नाही. त्याने करावा.

१५ सप्टेंबर, गुरुवार

एकटा गेलो. बोट केवढी मोकळी! सवयीने थर्मास दोघांचा भरला गेला. सॉसेज भरलेले पावही दोघांचे. सगळं मीच संपवलं. मग दर वीस मिनिटांनी काठाला जावं लागलं. मासे कमी मिळाले त्याचं कारण हे.

हॉइटचा डबा मागच्या सीटखाली राहिलाय. त्यात गळावर चढवून तयार ठेवलेली रबरी गांडुळं, वांगी रंगाची, चौदा. वाया जायला नकोत म्हणून तीच वापरली. जलपर्णीच्या दाट गचपणात टाकली, एकदाही अडकली नाहीत. माझा हातच तसा आहे.

२० सप्टेंबर, मंगळवार

आज गांडुळं स्वतः चढवली. गळाचं टोक नाकातून घालायचं, बाहेर काढून फिरवायचं आणि परत पोटात लपवायचं, म्हणजे झाडाझुडपांत अडकत नाही. सोपं आहे. हॉइट गप्पा मारता मारता, न बघता करायचा.

पहिलं वाकडं बसलं. पाण्यातून ओढल्यावर गरगर फिरलं आणि दोरीला पीळ पडला. दुसरं तसंच. तिसऱ्याचं नाक फाटलं. चौथ्या वेळी गळ माझ्या अंगठ्यात. हल्ली रबरात दम राहिलेला नाही. संध्याकाळपर्यंत बुडालेल्या झाडांत सात गळ तोडून आलो. हॉइटची मधूनमधून वापरावी लागली. नऊ उरली.

घाटावरच्या दुकानातल्या मिस ओपलने अंगठा बघितला. म्हणाली, "गांडूळ रबराचं होतं ना रे? मग चावलं कसं?" मी म्हटलं, जुनी जखम आहे. मग न विचारताच तिने सांगितलं की हॉइटने एक जुनी पत्र्याची बोट घेतलीय. मी म्हटलं, माझ्या शुभेच्छा. "मला कशाला देतोस? त्याला दे की. दोन मैलांवर तर राहतो." म्हातारी फार बोलते.

२८ सप्टेंबर, बुधवार

स्पर्धेचा फॉर्म भरला. जोडीदाराच्या रकान्यात हॉइटचं नाव पडलं. हाताची सवय. खोडलं नाही, खाडाखोड वाईट दिसते.

मिस ओपलने चष्म्यावरून बघितलं. "त्याला विचारलंस का?" मी म्हटलं, त्याला माहीत आहे. "हो, माहीत आहे त्याला! प्रत्येक झाडाशी आधी तुझा गळ पडणार, तू तिथलं सगळं ढवळून झालं की उरलेलं त्याच्या वाट्याला. एकोणीस वर्षं उष्ट्या पाण्यात मासे धरतोय बिचारा."

उष्टं पाणी म्हणे! मागची सीट मी मुद्दाम त्याला दिली होती. तिला गादी आहे. पुढच्या सीटला नाही. बोलायला लागलो तर त्याग माझाच निघेल.

जेवताना उगाच आठवलं. माझी बायको मॅरिअन गेली त्या वर्षी हॉइट रोज पहाटे पाचला माझ्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायचा. उठेपर्यंत वाजवायचा. शेजारी शिव्या द्यायचे. हल्ली पाचला जाग येते, पण उठवत नाही. हवा बदलतेय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

हॉइटला फोन केला. घंटा वाजायच्या आत ठेवला, म्हणजे केला असं होत नाही. ठराव कायम. त्याची गांडुळं तीन राहिली. ती परवासाठी ठेवलीत.

८ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी साडेचार

सकाळी घाटावर कोणाची वाट बघितली नाही. माझा नंबर पुकारला, तेव्हा मागच्या चार बोटींना आधी जाऊ दिलं, एवढंच. सभ्यता म्हणून.

पाचवी बोट हॉइटची. पत्र्याची, पोचे पडलेली. पुढे हॉइट, मागे त्याची बायको बर्निस, लाइफ जॅकेट उलटं घातलेली. दोघं कशावर तरी हसत होती. त्याने टोपीला हात लावला. मी दोरी सोडवत होतो.

दोन गांडुळं पहिल्या तासातच बुंध्यांनी खाल्ली. दहा वाजता मोठ्या सायप्रस झाडाच्या मुळांशी गेलो. जलपर्णी इतकी दाट की पाणी दिसेना. एका फटीतून शेवटचं गांडूळ खाली सोडलं. दोरी हलकेच बाजूला सरकली. मी हिसका दिला. मासा कसला, डुक्करच! गवताचा भारा डोक्यावर घेऊन बोटीपर्यंत आला, तोंड उघडलं, मला दिसला. एकोणीस वर्षांत एवढा पाहिला नव्हता.

मी ओरडलो, "हॉइट, जाळी!"

मागे कोणी नव्हतं. जाळी मागच्या सीटवर होती. मी वळलो तेवढ्यात दोरी ढिली पडली. गांडूळही घेऊन गेला.

त्यानंतर गळ टाकला नाही. तीन वाजेपर्यंत तिथेच बसून राहिलो. फार एकटं वाटलं. लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे.

वजनकाट्यावर माझी पिशवी रिकामी. मिस ओपलला टोमणा मारायची चांगली संधी होती, तिने मारला नाही. हॉइट आणि बर्निसचा नंबर अकरावा. चार किरकोळ मासे. त्यांचे फोटो काढत होती दोघं.

९ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो नाही. बोट आवारात ट्रेलरवर आहे. चढून मागच्या सीटवर बसून पाहिलं, पहिल्यांदाच. गादी केव्हाच दबून गेलीय, खालचं लाकूड टोचतं. तिथून नुसती पुढची सीट दिसते.

मग फोन केला. या वेळी वाजू दिला. हॉइटनेच उचलला. मी म्हणणार होतो, यापुढे पुढं तू बस. सगळी वाक्यं तयार होती. तोंडातून निघालं, "गांडूळ सरळ कसं बसवायचं रे?"

मग म्हणाला, "नाकात पाव इंच घाल. बाहेर काढ, गळ फिरव. आता हात लावू नकोस. त्याचं त्याला लोंबू दे. गळ जिथं टेकेल, तिथंच टोच. तू ओढतोस, डेलमर. ओढलं की वाकडं होतं." शेवटी म्हणाला, "एवढंच होतं का?"

मी म्हटलं, हो, एवढंच.

फोन ठेवून एक चढवलं. ओढलं नाही. अगदी सरळ बसलं. दाखवायला कोणी नाही.