आईसाठी ओढून आणलेलं इंटरनेट

प्रिय सेतेफानो,

तुमच्या तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. समोअन वाचणारा कुणी सापडलाच त्यांना, तर त्यालाही आपल्या घरच्या चार गोष्टी कळतील. तू संगणकाच्या पडद्यावरच्या भेटीला यापुढे साफ नाही म्हणालास, म्हणून कागद हाती घेतला. माझा जीव अगदी विटलाय बघ.

त्या एका भेटीसाठी मी काय उपद्व्याप केले ते तुला कुठलं ठाऊक. आईला मोतीबिंदू, फोनवर तुझं तोंड तिला दाण्याएवढं दिसलं असतं. मरायच्या आधी एकदा सेतेला नीट बघायचंय, एवढाच तिचा धोशा. शाळेने टाकून दिलेला मोठा संगणक घरी आणला, तर त्याला वायफाय पकडताच येईना, नुसतं वायर खुपसायचं भोक. आणि वायफाय कुठे, तर नीरफणसाच्या झाडांपलीकडे, चर्चच्या पाळकांच्या घरी. मग आपिया शहरातून चुलतभावाचा वायफायचा जुना डबा मागवला. तो स्वतःचंच वायफाय वाटत बसायचा. त्याला शिकवायचं होतं, की बाबा रे, तू आता वाटू नकोस, पाळकांच्या डब्याकडून घे आणि वायरीतून संगणकाला दे. माझी अक्कल अशी, की मी त्याला पाळकांच्याच डब्याचा नेटवर्कवरचा नंबर देऊन बसले. एका गावात एकाच पदवीचे दोन प्रमुख नेमल्यासारखं झालं, दोघंही ठप्प. पाळकीणबाई दारात उभ्या. म्हणाल्या, लांगी, घेतलंस ते घेतलंस, वर आमचंच बंद पाडलंस होय गं? नंबर बदलला, डबा खांबावर चढवून त्यांच्या घराकडे तोंड करून बांधला. हिरवा दिवा लागला तेव्हा मी खांबाखालीच रडत बसले.

तुरुंगाने वेळ दिली ती नेमकी संध्याकाळच्या प्रार्थनेची. प्रार्थनेची सा सुरू झाली की गावात कुणी रस्त्यावर पाऊल टाकत नाही, पाळकांचं वायफायसुद्धा बंद असतं. पण तुझ्यासाठी त्यांनी ते चालू ठेवलं. आई ठेवणीतले कपडे घालून, कानामागे फूल खोचून बसली होती. तू दिसलास. किती वाळलास रे. तुझे ओठ हलत होते, पण आवाज काही येईना, आमचाही तुला ऐकू गेला नसणार. मी वायरी चाचपत होते तेवढ्यात घंटा झाली, तेच ते झाडाला टांगलेलं गॅसचं रिकामं नळकांडं, आणि आईने तुझ्यासमोर डोळे मिटून मान खाली घातली.

तुला दिसलं ते एवढंच. आईला माझं तोंडही बघवेना, असं तू तिथल्या लोकांना सांगितलंस म्हणे. अरे वेड्या, त्या भिंतींत तुला सा कशी आठवणार, घंटाही ऐकू आली नसेल. ती प्रार्थना करत होती, आणि सगळी तुझ्यासाठीच. एरवी पाळक, गाव, आजारी माणसं, सगळे होऊन मग तुझी पाळी यायची. त्या दिवशी तुझ्यापासून सुरुवात आणि दुसऱ्या कुणाचं नावच नाही. मी कोपराने ढोसत होते, पण तिची प्रार्थना काही संपेना. डोळे उघडले तर पडदा काळा. म्हणाली, गेला उठून, लहानपणापासून प्रार्थनेला कधी टिकलाय तो? अगं, वेळ संपली, त्यांनी बंद केलं, असं मी घसा फोडून सांगितलं, पण तिला पटलं नाही. नंतर रोज त्या संगणकासमोर बसायची, आणि तू नाही म्हणालायस हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. गेल्या आठवड्यात आई गेली, सेते. घरापुढे बाबांच्या कबरीशेजारी तिला पुरलं. तू कंटाळून उठून गेलास, असंच समजून ती गेली. तिची समजूत मला काढता आली नाही. तुझी तरी काढू दे.

तुझीच ताई,
लांगी