बेड नंबर सात, अतिशय कोऑपरेटिव्ह

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५. सकाळी ७.१०
संकल्प : रोज लिहायचं. मराठीत. पाचगणीच्या शाळेत मराठीचे आठवड्याला तीन पिरियड होते, त्यातले दोन क्रिकेटमध्ये गेले. पण इथे सांगलीच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटचे नातेवाईक इंग्लिश बोलत नाहीत, आणि लहान मुलांच्या डॉक्टरला नातेवाईकांशीच बोलावं लागतं.
मंगळवारी मॅडम (आमच्या एचओडी) माझं बेडसाइड टीचिंग बघणार. आवडलं तर लेक्चररची पोस्ट. आवडणारच. स्लाइड्स तेरा झाल्यात, त्यातल्या चार अ‍ॅनिमेटेड.
फक्त दाखवायला केस नाही. वॉर्डातलं प्रत्येक मूल रडतं. बेड ३ ने काल जयराजच्या चष्म्यावर लाथ मारली. (जयराज : मी शिकवतो त्या बॅचचा विद्यार्थी. दहा जणांत सगळ्यात जास्त हसतो. का, ते कळत नाही.)

शुक्रवार, १० ऑक्टोबर. दुपारी २
केस मिळाली!! बेड ७. विश्वजित, आठ महिने, जतकडचा. ताप, उलट्या, जुलाब. डोळे खोल, टाळू आत गेलेली. डिहायड्रेशन, अगदी पुस्तकातलं. सलाईन लावलं.
आई राणी, गप्प असते. सगळं बोलणं आजीचं. तानुबाई.
आजी बाळाच्या टाळूवर तेल घालत होती. थांबवलं. पाच मिनिटं समजावलं. आजी म्हणाली, आवं डाक्टर, तुमच्या बी टाळूवर कुनीतरी घातलंच असंल की त्याल. जयराज हसला.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ११
रंगीत तालीम. दहाच्या दहा जणांनी बेड ७ तपासला. टॉर्च, हॅमर, सगळं. बाळ थोडं कण्हलं, बस. असा पेशंट नशिबाने मिळतो. फाइलमध्ये लिहिलं : अतिशय कोऑपरेटिव्ह.
मॅडम पुण्याला कॉन्फरन्सला गेल्या. सोमवारी रात्रीपर्यंत वॉर्ड माझ्या जबाबदारीवर. छान वाटतं.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ९.३०
आजीने परत तेल घातलं. चोरून. आणि वर तक्रार. म्हणे, टाळूवर त्याल ऱ्हात न्हाई, घसरतंय. आदी वाटीगत बसायचं. टाळू वर आलीया. लेकरू रडत बी न्हाई, दूध वढत न्हाई, लय गप पडलंय.
मी म्हटलं, आजी, टाळू आत गेली होती, सलाईनने भरली. म्हणजे बरं होतंय. आणि रडत नाही ही चांगली गोष्ट आहे.
तिने माझ्याकडे बघितलं. मग राणीकडे. 
तेलाचं वाक्य मस्त आहे. स्लाइड १४ केली. हेडिंग : ‘खेड्यातले गैरसमज’. बाजूला तेलाच्या बाटलीचं कार्टून.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी ४
क्रांतीने मूड घालवला. (क्रांती : आटपाडीची, मागे उभी राहते, नोट्स मराठीत लिहिते.) वर्ग संपल्यावर आली. म्हणाली, सर, टाळू नुसती भरली नाही, फुगलीय. रडताना फुगते असं तुम्हीच शिकवलंत. पण बाळ रडत नाहीये.
म्हटलं, सलाईन.
ती म्हणाली, सर, स्लाइड ६.
स्लाइड ६ माझीच. ‘धोक्याची लक्षणं : पीत नाही, सुस्त आहे, झटके.’ झोपाळू पांडा आहे तिच्यावर. सगळ्यांना आवडते.
मी सांगितलं, स्लाइड ६ फार सीरियस मुलांसाठी असते. बाळ दमलंय. अ‍ॅडमिट असलेल्या कुणालाही झोप येते.
आज बाळाची उलटी एकदाच झाली. सुधारणा. (दूध प्यायलंच नव्हतं, असं सिस्टर म्हणाल्या. तो वेगळा मुद्दा.)
मॅडमना आजच फोन करायचा का? नको. उद्या येतातच. केस बदलली तर स्लाइड्सचा क्रम बिघडेल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारी १२
डेमो झाला. चौथ्या मिनिटापर्यंत.
मी म्हटलं, मॅडम, आता टाळू बघा, सलाईननंतरचा रिझल्ट. मॅडमनी हात ठेवला. काढला नाही.  मग विचारलं, हे बाळ शेवटचं रडलं कधी?
कुणाला माहीत नव्हतं. मलाही.
आजी म्हणाली, ऐतवारपास्नं न्हाई.
तेवढ्यात बाळाचा डावा हात उडायला लागला. नंतर ओठ.
पाठीतून पाणी काढलं. स्वच्छ पाण्यासारखं यायला हवं, ताकाच्या निवळीसारखं आलं. मेंदूच्या आवरणाला इन्फेक्शन. मॅडम काही ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आजीकडून हिस्ट्री परत घे. पहिल्यापासून. विद्यार्थी असल्यासारखी.

बुधवार, १५ ऑक्टोबर. सकाळी ८
काल हिस्ट्री घेतली. विचारलं, तुमच्या लक्षात कधी आलं? आजी म्हणाली, ऐतवारी सकाळी. तुमाला सांगितलं व्हतं की.
म्हटलं, मला आठवत नाही.
संध्याकाळी ही वही चाळली. रविवार, साडेनऊ. सगळं आहे. घसरतंय, रडत न्हाई, वढत न्हाई. माझ्याच अक्षरात.
बाळ आयसीयूत. क्रांती जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. संध्याकाळी ७
दिवाळी. बाळ परत वॉर्डात! ताप नाही, झटका नाही, दूध ओढतं. मॅडम म्हणाल्या, वाचलं. म्हणजे शेवटी टीमवर्क. यावर केस रिपोर्ट लिहिता येईल. पहिलं नाव माझं, क्रांतीचे आभार खाली.
आत्ता खिडकीखाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. आख्खा वॉर्ड दचकला. बेड ३ ने भोकाड पसरलं, माझ्या हातातला चहा सांडला. बेड ७ शांत. डोळे उघडे, छताकडे बघत हात हलवत होतं.
आजी कौतुकाने म्हणाली, माजं लेकरू धीट हाय.
मीही म्हटलं, धीट आहे. कोऑपरेटिव्ह पहिल्यापासून.

सोमवार, २७ ऑक्टोबर. सकाळी १०
डिस्चार्जआधीची तपासणी. या इन्फेक्शननंतर कान तपासावेच लागतात; मशीनवरची टेस्ट उद्या. मॅडम म्हणाल्या, आज नुसती घंटी वाजवून बघ. बॅच समोर. क्रांती या वेळी पुढे.
मी बाळाच्या मागे उभा राहून उजवीकडे घंटी वाजवली. राणीने मान वळवली. जयराजनेही. बाळ समोर आजीच्या बांगड्या बघत होतं.
डावीकडे वाजवली.
क्रांतीने वही मिटली. कुणी हसलं नाही.
आजी म्हणाली, बारीक वाजली असंल, डाक्टर. जोरात वाजवा की.
मी जोरात वाजवली.