मागचा डावा

सोमवार, ३
पोचलो एकदाचा. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, मासिकाच्या मालकीचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी. बाहेरच्या खोलीत जाड पडदे आणि भिंतीभर गालिचा, कारण माझं काम याच खोलीत चालायचंय. बाजारातले स्वस्त होम थिएटर संच घरी लावायचे, ऐकायचे आणि सामान्य माणसानं ते घ्यावेत की नाही ते लिहायचं. आयुष्यभर फुकट शेरे मारले, आता त्याचा पगार मिळणार.

संपादकबाईंनी पहिला संच पाठवूनच ठेवलाय. लेख पुढच्या सोमवारी हवा. तो जमला तर नोकरी पक्की आणि घरही आमचं. बायको आणि चिमणी रविवारी सामान घेऊन येतायत. चिमणी सहा वर्षांची आहे आणि तिनं फोनवर खिडकीजवळची जागा आत्ताच अडवून ठेवली.

खालच्या शिंप्याशी ओळख झाली. गडी बोलका आहे. माझ्या आधीचे साहेब शेवटी शेवटी ऐन उन्हाळ्यात कानात कापसाचे बोळे घालून फिरायचे आणि एक दिवस न सांगता गेले, असं तो हसत हसत म्हणाला. मीही हसलो.

मंगळवार, ४
खोकं उघडलं. पाच छोटे स्पीकर, एक धमधम करणारा मोठा डबा, मधलं यंत्र, रिमोट आणि बोराएवढा माइक. खोक्याची चिकटपट्टी कुणीतरी आधी काढून परत लावलेली होती. आत ओल्या उशीसारखा आंबूस वास. मागच्या डाव्या स्पीकरचं कापड बोटाला चिकटलं. शी! रुमालानं पुसलं आणि रुमालच फेकून दिला.

मग मोजणी. माइक ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, प्रत्येक स्पीकर पाळीपाळीनं पी-पी करतो आणि खोली केवढी आहे ते यंत्र स्वतःच ओळखतं. माइकचा स्टँड खोक्यात नव्हता. मी खुर्चीत बसून तो कानाशी धरला. आमच्या धंद्यात माहितीपुस्तक वाचणं कमीपणाचं समजतात. यंत्राच्या छोट्या पडद्यावर आलं: लांबी चौदा फूट, रुंदी अकरा. बरोबर.

बुधवार, ५
किमतीच्या मानानं संच झकास आहे. माणसांचं बोलणं स्वच्छ येतं, पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटतो. डबा जरा गुरगुरतो, पण भिंतीपासून हातभर सरकवला की ताळ्यावर येतो. हे सगळं टिपून ठेवलं.

एकच खोट. सिनेमात शांतता असली की मागच्या डावीकडून मचमच ऐकू येते. कुणीतरी तोंड उघडं ठेवून खातंय, जीभ टाळूला चिकटतेय आणि सुटतेय. मला या आवाजाचा पहिल्यापासून तिटकारा. सासरेबुवा जेवायला बसले की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायचो. इथे तर उठून जायलाही सोय नाही, ऐकणं हेच काम.

वायर बदलून पाहिली. फरक नाही. पडद्यावर मात्र खोली आज नऊ बाय सात दाखवतेय.

गुरुवार, ६
स्पीकरच्या कापडावर पिवळट मेण आलंय. परवा पुसलं होतं, आज पुन्हा. वास घेतला आणि घेतला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. कानातला मळ. माणसाच्या कानातला.

दुपारी प्लग काढला. मचमच चालूच. पडदा उजळलेला. खोली: दोन फूट बाय दीड. स्वयंपाकघरात गेलो तर आवाज सोबत आला. जेवण गेलं नाही, पहिलाच घास टाकून उठलो.

शुक्रवार, ७
सकाळी उशीवर पिवळा डाग. डावा कान वाहतोय.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं, मग मळ आहे म्हणाले. आणि हात धुवायला गेले. धुतले, पुसले, परत धुतले. मला परत बोलावलंच नाही.

घरी येऊन माहितीपुस्तक वाचलं. शेवटच्या पानावर आहे, बारीक अक्षरात. मोजणीच्या वेळी माइक कुणाच्याही अंगाजवळ धरू नये. यंत्र जे मोजेल त्यालाच खोली समजेल. नवी मोजणी झाली की जुनी खोली रिकामी होते.

पडद्यावर आता इंच आहेत. एक बाय पाव.

शनिवार, ८
माइक खुर्चीवर ठेवून मोजणी केली. घेत नाही. टेबलावर, जमिनीवर, रिकाम्या भांड्यात. घेत नाही. त्याला अंग लागतं. चव लागली त्याला.

आधीच्या साहेबांनी म्हणूनच खोकं पुन्हा बंद करून मासिकाकडे परत धाडलं असणार. पुढच्यासाठी.

माइक शिंप्याच्या कानाला मिनिटभर धरला तर? जिन्यापर्यंत गेलो होतो. तो मान खाली घालून काज करत होता, मला बघून हसला. परत वर आलो. त्या मेणाची आली नव्हती एवढी स्वतःची किळस आली.

बायकोला फोन करून सांगितलं, येऊ नका. कारण सांगता येईना. सामान गाडीत चढलंय, आता काय हे भलतंच, म्हणून ती वैतागली. मग चिमणीनं फोन घेतला. तिनं विचारलं, बाबा, तुझ्या शेजारी बसून कोण जेवतंय? त्याला तोंड मिटून खायला सांग.

संच खोक्यात भरला. दोरीनं आवळला, गॅलरीत ठेवला. उद्या कचरागाडीत. माइक तेवढा सापडत नाही — सगळे खण पाहिले — गालिच्याखाली —

रविवार, ९
कचरागाडी रविवारी येत नाही.

आता मचमच नाही. गिळतंय. गरम आहे. आत वळतंय —

आल्या त्या दोघी. लवकर आल्या. बायको म्हणाली, तोंड किती उतरलंय. जवळ येऊ दिलं नाही. ताप आहे म्हणालो, आतल्या खोलीत दार लावून बसलोय. ती भांडी लावतेय. चिमणी बाहेर खेळतेय, खुर्चीवर उड्या —

आजचा दिवस निघू दे. उद्या खोकं जाईल. ते माझ्यातच राहू दे, मी सोसेन. तिला मात्र —

पी-पी.

गॅलरीतून. बांधलेल्या खोक्यातून. पाळीपाळीनं. एक. दोन. तीन —

कान मोकळा झाला. एकदम. काहीच नाही आत. कोरडा, हलका. नळाची धार ऐकू येतेय, बायकोचं गुणगुणणं. किती बरं वाट —

चिमणी ओरडून सांगतेय, बाबा, खुर्चीच्या फटीत छोटासा माइक सापडला, कानाला लावला की —