खोलीला चुना दिलाय

विठा,

तुझा आत्ताच डोळा लागला म्हणून उठवलं न्हाई. पयल्या एस्टीनं पुण्याला जातो, कामावर हजर व्हायचंय.

पुरात पडलेली भिंत मिस्त्रीनं उभी केली, खोलीला चुनाबी दिला. धोंडामावशी चाळीत परत ऱ्हायला आली. नळावर भेटली की तुझंच इचारती. तू हितं कार्ल्याला आईपाशी किती ऱ्हाशील, ते मी इचारत न्हाई.

एक गोष्ट रातीच सांगणार व्हतो, पण तुझ्या तोंडाकडं बघून गप बसलो. येशील तवा आत शिरल्या शिरल्या वर बघू नगं. बाळीला पाण्यानं नेलं, पण तिच्या पाळण्याचं कडं तुळईला तसंच हाय. काढायला दोनदा चढलो, हात धजला न्हाई.

गेणू