चाकाची थरथर की हाताची

१० ऑक्टो., शुक्र.
टक् टाक् टाक्, टक् टाक् टाक्. राजवाड्यामागच्या गल्लीत मास्तर तमिळ शाळेत जाणाऱ्या आम्हा पोरांना घरी मराठी शिकवायचे, पट्टीनं बाकावर वृत्त ठोकून. तो आवाज आज पासष्ट वर्षांनी परत आला. कानात नव्हे, तळहातांत. थोरल्या बहिणीला, अक्काला घेऊन तिरुवैयारूला निघालो होतो. बायपासवर ऐंशीला पोचलो आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. गेल्या शुक्रवारीही थोडं वाटलं होतं. साठवर आलो की बंद.
अक्काला सांगितलं तर म्हणाली, "ऐंशीनं कोण जायला सांगितलं? मला ऐंशी गाठायला ऐंशी वर्षं लागली."

११ शनि.
मुलाला फोन केला, चेन्नईला. गोविंद म्हणाला, "अप्पा, व्हिडिओत तुमचं चित्रसुद्धा हलतंय. स्टिअरिंग नाही, हात आहेत ते. दिवाळीला आलो की गाडी विकून टाकूया."
नंतर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बघत बसलो. खरंच असेल?
गाडी गेली तर अक्काचा शुक्रवार गेला. दर शुक्रवारी तिरुवैयारूला दोन मुलींना गाणं शिकवते. बसची पायरी तिच्या गुडघ्यांना चढवत नाही. बाकी सहा दिवस ती त्या एका सकाळची तयारी करते.
अक्का: "काय म्हणाला?"
"दिवाळीला येतो म्हणाला."
निम्मंच सांगितलं.

१३ सोम.
सेल्वमच्या वर्कशॉपला. वीस वर्षं गाडी तोच बघतो. थरथर कशी, त्यानं विचारलं. एक लघु, दोन गुरू, पुन्हा एक लघु, दोन गुरू. भुजंगप्रयात, असं सांगितलं. तमिळमध्ये जमेल तसं. शांतपणे ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग, "ऐया, स्पीड किती ते सांगा."
ब्रेक दाबला की वाढते का? नाही. म्हणजे डिस्क नव्हे. गाडी वर उचलून स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले. घट्ट. बाहेर काढली तर निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेला. पन्नासच्या वर जाताच आलं नाही.
म्हणाला, पुढची चाकं मागे टाकून बघू. "खोट चाकात असली तर थरथर मागे जाईल. तिथंच राहिली तर..." माझ्या हातांकडे बघितलं नाही. भला माणूस.

१५ बुध.
चाकं बदलली. अक्का हट्टानं मागे बसली, सेल्वम माझ्या शेजारी. ऐंशी. स्टिअरिंग देवघरातल्या समईसारखं स्थिर. एवढ्यात मागून, "अरे, माझ्या पाठीत कोण गुदगुल्या करतंय?"
रस्त्याकडेला गाडी थांबवली. डोळे पुसायला. सेल्वम खिडकीबाहेर बघत राहिला.
चाकं काढली. रिमच्या आतल्या बाजूला दोन चौकोनी, गोंदाचे डाग. "ऐया, इथल्या शिशाच्या पट्ट्या कुठं गेल्या?"
कुठं जाणार. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मीच खरवडून काढल्या. अक्का म्हणाली होती, चाकाला गंध लावायचं तर आधी घासून घे. पितळेची भांडी घासतात तसा चिंच आणि काथ्या घेऊन बसलो, रिमच्या पाकळ्यांतून आतपर्यंत हात घालून. त्या पट्ट्या जुनी चिकटलेली घाण वाटल्या. चाकाचा तोल राखणारं वजन होतं ते.
सेल्वम इतका हसला की पाना खाली ठेवावा लागला. अक्का: "वरून गंधसुद्धा लावलंस."

१६ गुरु.
यंत्रावर तोल साधला. चारी चाकं. बायपासला ऐंशी, नव्वद, काही नाही. सेल्वम, अक्काची पाठ, ही म्हातारी गाडी, सगळ्यांचे उपकार. घरी येताना कालव्याकडेनं सावकाश आलो, उगाच.
संध्याकाळी मात्र कॉफीचा पेला उचलताना डावा अंगठा हलला. जरासाच. सेल्वमकडे याला यंत्र नाही. गोविंद अगदीच चुकला नव्हता, असं वाटून... असो. अक्कानं पाहिलं. "दिवाळी झाली की डॉक्टरांना दाखव. कबूल?" कबूल.
चाकाचं काय झालं ते गोविंदला कळवलं. अंगठ्याचंही कळवलं. या वेळी सगळं.

१७ शुक्र., सकाळ
अक्का तयार. तंबोरा गाडीत ठेवला. आज साठच्या वर जायचं नाही, असं ठरवलं आहे. मी चपला घालतोय तोच दारावर थाप. दूधवाला समजून उघडलं.
गोविंद. पाठीवर पिशवी, डोळे जागरणानं लाल. दिवाळीला तीन दिवस आहेत अजून.
"कळवलंस का नाही?"
"तुमचा मेसेज वाचला आणि बसमध्ये बसलो." माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होता. "अप्पा, मी पण येतो."
अक्का आतूनच, "येणार तर मागे बैस. पुढची जागा माझी. आणि तोंड धू आधी."
तो तोंड धुतोय. तेवढ्यात हे लिहितो आहे. किल्ली टेबलावर, वहीशेजारी ठेवली आहे; आज चालवणार मीच, हात कसे आहेत ते त्यानं मागून बघावं. नळ बंद झाला.